पाडव्याला सांगायची लढाई

दर वर्षी दिवाळीच्या पाडव्याला आमच्या गल्लीत इटली जिंकली जायची. आमच्याकडे पाडवा हा म्हशींचा सण. सकाळी पंचगंगेवर म्हशी घासूनपुसून काढायच्या, अंगावरचे केस भादरून नक्षी करायची, शिंगं रंगवायची, कपाळावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ, आणि दुपारी वाजतगाजत मिरवणूक. आमची गवळी गल्ली मिरवणुकीआधी तालमीसमोर जमायची. तालमीचे वस्ताद नारळ फोडत आणि माझ्या वडिलांना चौथऱ्यावर उभं करून सांगत की आता आमच्या तुकारामाची लढाई होऊन जाऊ दे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा सुरू करायचे. जर्मनांनी बळकावलेलं इटलीतलं डोंगरावरचं एक लहानसं गाव, गावाच्या तोंडाशी दगडी घर, घरात मशीनगन. आमच्या पलटणीचं पाऊल पुढं पडत नाही. मग गल्लीचा तुकाराम गवळी संगीन रोखून एकटा त्या घरावर चालून जातो, घर पडतं, गाव सुटतं आणि तुकाराम कामी येतो. एवढं झालं की हलगी कडाडायची. म्हशींना इटलीचं काय सोयरसुतक, पण मला ती लढाई शब्द न् शब्द पाठ होती. दादा कुठं थांबून श्वास घेतात तेही पाठ होतं.

दादा स्वतः लष्करात लांगरी होते, म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी. दुसरं महायुद्ध संपल्यावर परत आले ते लग्नाकार्यातले आचारी झाले. त्यामुळे आमच्या घरी माणसांपेक्षा पातेली जास्त होती. मी लहानपणी ज्या पातेल्यात बसून खेळायचे त्यात लग्नसराईत पांढरा रस्सा उकळायचा, आणि आई ते आधी घासून घ्यायची एवढी माझी खात्री आहे. आई चटणीसाठी मिरची कुटून आणायची त्या दिवशी अख्खं घर शिंकायचं. दादा शिंकायचे नाहीत. त्यांच्या नाकाडोळ्यांना तिखटाचं, धुराचं काही वाटेनासं झालं होतं. गल्लीत घरोघरी म्हशी असताना हा माणूस कोरा चहा प्यायचा. आई म्हणायची, मिल्ट्रीनं ह्यांची जीभ मारली. आम्हालाही ते पटायचं. बाहेर तालमीत पैलवानांचे शड्डू घुमायचे, व्यायाम करून आलेले गडी गोठ्यापुढं उभे राहून धारोष्ण दुधाचे पेले रिकामे करायचे, आणि फेसाच्या मिशा तशाच घेऊन कामाला जायचे. हे सगळं मला आज कुणाला सांगायचं तर आधी धारोष्ण म्हणजे काय ते सांगावं लागतं. माझ्या घरी आता पिशवीतलं दूध येतं. त्याला मी नावं ठेवत नाही, गुडघे दुखत असताना दारात पिशवी येते हे काय थोडं आहे.

आमच्या भिंतीला भिंत लागून हौसाकाकूचं घर आणि गोठा. हौसाकाकू म्हणजे त्या तुकारामाची बायको. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोवर नवरा दादांबरोबर पलटणीत गेला आणि दादा एकटे परत आले. पोरबाळ नव्हतं. सासूनं शेवटपर्यंत तिला धरून ठेवलं, आणि सासू गेल्यावर चार म्हशी आणि काकू एवढाच तिचा संसार राहिला. माझ्या पाठीवर लगेच भाऊ झाला, तेव्हा मला सांभाळायला आईनं भिंतीपलीकडं दिलं, आणि मी तिकडचीच झाले. माझी वेणी काकू घालायची, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. कुणाशी भांडून आले की आधी मला धपाटा आणि मग त्या पोरीच्या घरी जाऊन तिच्या आईची खरडपट्टी, असा तिचा न्याय होता. पहाटे ती धार काढायला बसली की मी तिच्या पाठीला पाठ लावून बसायचे. रिकाम्या चरवीत पहिल्या धारा वाजायच्या, चर्र चर्र, आणि दूध चढत गेलं की तो आवाज जाड होत जायचा. मला आईइतकीच ती होती, आणि खरं सांगायचं तर काही दिवस जास्तच होती. आई आता नाही म्हणून हे लिहिता येतंय.

मी तेरा वर्षांची असताना तालमीनं ठरवलं की तुकारामाची तसबीर तालमीत लावायची. त्याचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून एका पेंटरला बोलावून वस्तादांनी वर्णन सांगितलं. पेंटर सिनेमाचे बोर्ड रंगवणारा होता, त्यामुळे काय निघणार याचा अंदाज सगळ्यांना यायला हवा होता. पाडव्याला तसबिरीवरचा पडदा निघणार आणि त्या वेळी मी भाषण करणार असं ठरलं, कारण शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मला मिळालं होतं आणि गल्लीत ते सगळ्यांना माहीत व्हावं याची व्यवस्था मीच केली होती. भाषण नुसतं दादांचं सांगितलेलं म्हणून कसं चालेल? मला बारकावे हवे होते. पाडव्याच्या पाच-सहा दिवस आधी दादा परसात बसून कुठल्याशा कार्यासाठी कांदा चिरत होते. मी वही घेऊन समोर बसले. घराला दारं किती, जर्मन किती, तुकाकाका ओरडले ते काय ओरडले, असं एकेक विचारत सुटले. दादा काहीबाही उत्तरं देत होते आणि मी लिहून घेत होते. मग मी विचारलं, लांगरी तर मागं राहतो ना, चूल मागं असते, मग तुम्ही हे सगळं बघितलं कुठून?

दादांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "चालून गेलाच न्हाय त्यो. धार काढाय गेलता. आनि मीच त्याला धाडला."

मी हसले. मला वाटलं दादा माझी फिरकी घेतात. आयुष्यभर कांदा चिरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना कांदा झोंबत नाही, आणि दादांचे डोळे वाहत होते. त्यांनी थोडक्यात सांगितलं. दोन्ही बाजूंच्या मधोमध एक गोठा होता, त्यात गाई अडकून पडल्या होत्या. दादा चहा घेऊन गेले आणि थट्टेत बोलून गेले, की जा, दूध आण, पावडरीचा चहा पिऊन कंटाळा आलाय. तुकाकाका गेले आणि मेले. सुभेदारानं घरी पत्र पाठवलं त्यात शूरपणे चालून जाताना पडला असं लिहिलं होतं, सगळ्यांच्या पत्रांत तो तेच लिहायचा. दादा परत आले तोवर ते पत्र गल्लीत दहा वेळा वाचून झालं होतं आणि गल्लीनं लढाई मनातल्या मनात लढूनही टाकली होती. पहिल्याच पाडव्याला वस्तादांनी त्यांना चौथऱ्यावर उभं केलं, समोर हौसाकाकू उभी होती, आणि त्यांच्या तोंडून संगीन निघाली. एकदा निघाली ती दर वर्षी काढावी लागली. काकूला हे सांगू नकोस, एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं, आणि मी मान हलवली.

ती मान मी दोन दिवस सांभाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात काकू म्हणाली, काय पाठ केलंस ते म्हणून दाखव बघू. मी उभी राहिले, सुरुवात केली, जर्मनांनी बळकावलेलं गाव इथपर्यंत आले आणि पुढं तोंडच उघडेना. काकू धार काढता काढता हसली, म्हणाली, बक्षीस कुणाला लाच देऊन मिळवलंस गं. आणि मी बोलून गेले. तुकाकाका चालून गेलेच नाहीत, दुधाला गेले होते, दादांनी पाठवलं होतं, चहासाठी. मी हे का बोलले, याचं उत्तर मी पुढं अनेकदा शोधलं. खोटं बोलवेना म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. आता या वयात लपवायचं कुणापासून? माझं भाषण फुकट गेल्याचा राग दादांवर होता, तोही त्यात होताच.

धारेचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला, पण तुटक. माणसाच्या हाताचं म्हशीला लगेच कळतं, तिनं पान्हा चोरला. काकू अर्धी चरवी घेऊन उठली, असं ती कधीच उठत नसे, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "घरला जा."

पुढचे दोन दिवस आमचं दूध काकूनं स्वतः आणलं नाही, पलीकडच्या घरातल्या सुनेच्या हाती पाठवलं. गोठ्याचं दार आतून लावलेलं. माझी वेणी आईनं घातली आणि ती दुपारपर्यंत सुटली. आई म्हणाली, हौसाबाईला ताप आलाय वाटतं, बघून येते, आणि तशीच परत आली, कारण काकूनं बरं आहे म्हणून दारातूनच वाटेला लावलं. दादा मला विचारत होते, "वैनी तुला काय बोलली का गं?" मी नाही म्हणत होते. घरात चकल्यांचा घाणा चालू होता, भाजणीचा वास सगळीकडं, आणि मी एका चकलीलाही हात लावला नव्हता. काकू आता आपल्याला कायमची तुटली, आणि दादांना कळल्यावर दादाही तुटणार, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. तेरा वर्षांच्या पोरीला दोन घरं होती आणि तिनं एका तोंडानं दोन्ही घालवली होती.

पाडवा उजाडला. काकूच्या म्हशी नेहमीसारख्या सजून आल्या, उलट त्या वर्षी शिंगं जरा जास्तच झळकत होती. काकू बायकांच्या घोळक्यात उभी होती. वस्तादांनी नारळ फोडला आणि तसबिरीवरचा पडदा ओढला. पेंटरनं त्याच्या परीनं जीव ओतला होता. गोरापान, रुंद छातीचा, झुपकेदार मिशांचा एक जवान डोळे वटारून संगीन उगारत होता, मागं आग लागली होती. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मग मला चौथऱ्यावर चढवलं. मी पाठ केलेलं सगळं मला येत होतं आणि मी नुसती उभी राहिले. लोकांना वाटलं पोरगी घाबरली. वस्ताद प्रेमानं म्हणाले, राहू दे, बापच सांगंल, आणि दादा वर आले. त्यांनी घसा साफ केला.

"भावजी," बायकांतून काकूचा आवाज आला, "आज खरं सांगा."

दादांनी आधी तिच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. मला वाटलं ते उतरून निघून जातील. ते उतरले नाहीत. त्यांनी दोन्ही हात छातीशी बांधले, आणि मी इतक्या वर्षांत कधी न ऐकलेली लढाई दादा सांगायला लागले. नेहमीच्या ठिकाणी ते थांबत नव्हते, भलतीकडंच थांबत होते.

त्यांनी सांगितलं की गाव म्हणजे पंधरा-वीस घरं होती. जर्मन तिथं कित्येक महिने ठाण मांडून बसले होते, लोकांच्या कोंबड्या खाल्ल्या, धान्य खाल्लं, बाप्यांना खंदक खणायला लावलं, आणि पलटण आल्यावर उरलेसुरले लोक रानात पळाले. ओढ्याच्या अलीकडं आपले लोक, पलीकडं ते, आणि मधे एक गोठा. माणसं पळाली पण गाई बांधलेल्याच राहिल्या. तीन दिवस गोळी थांबली नाही आणि तीन दिवस त्या गाई हंबरत राहिल्या. बाकीच्यांना मशीनगनचा आवाज झोपू देत नव्हता, तुकारामाला गाईंचा. सड तटले असतील, कास फुटंल त्यांची, असं तो येईल त्याला सांगायचा. साताऱ्याकडचा एक जवान त्याला म्हणाला की गाई जर्मनांच्या आहेत, तर तो त्याच्या अंगावर धावून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं पडलं. दादा चहाची डेगची घेऊन ओढ्यापर्यंत आले. इथं दादांनी काकूकडं बघितलं. मग म्हणाले, "मी म्हनलो, जा की मग, धार काढून आन, सगळ्यास्नी बिनपावडरीचा च्या पाजतो. थट्टा केली मी. त्यानं डेगचीतला च्या वतला, डेगची इसळली आनि गेला. मी हाक मारायला पायजे हुती. मी मारली न्हाय. मलाबी दूध पायजे हुतं."

दादांनी पुढचं सांगितलं ते अगदी हळू. धुक्यातून काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. थोड्या वेळानं एक गाय गप झाली. मग दुसरी. मग तिसरी. खंदकातली सगळी माणसं, गावाकडची, श्वास रोखून त्या गाई गप होताना ऐकत होती. मग धुकं विरळ झालं आणि तो येताना दिसला. जाताना तो पोटावर सरपटत गेला होता. येताना भरलेली डेगची होती. भरलेली डेगची घेऊन सरपटता येत नाही. तो सरळ उभा, दोन्ही हातांनी डेगची धरून, एकेक पाऊल जपून टाकत, आपल्या गल्लीतून चालावं तसा येत होता. सगळे त्याला ओरडून सांगत होते, टाक, आडवा हो. त्यानं टाकली नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत जर्मन गाव सोडून गेले, घरावर कुणालाच चालून जावं लागलं नाही. संध्याकाळी रानातून एक म्हातारी परत आली. तिनं आधी गोठ्यात जाऊन गाईंच्या कासेला हात लावला. मग बाहेर येऊन तिनं दादांकडं बघितलं, तुकारामाकडं बघितलं, कलंडलेल्या डेगचीकडं बघितलं, आणि घरात जाऊन पेटीतली कोरी चादर आणली. त्या चादरीत गुंडाळून दादांनी त्याला पुरला.

माझ्या नातवानं मागच्या वर्षी मोबाईलवर ही लढाई शोधायचा घाट घातला. दादा गावाचं नाव सांगायचे ते आमच्याकडच्या तोंडी बसेल तसं मोडून, त्यामुळे काही सापडलं नाही. एवढ्या लहान लढाईची नोंद कुठं असणार, असं तो मला समजावत होता. मी म्हटलं, बरं बाबा.

दादांचं सांगून झालं. वस्ताद एकदा तसबिरीकडं आणि एकदा लोकांकडं बघत होते. मला वाटत होतं आता कुणीतरी हसेल. इतकी वर्षं गल्ली छाती फुगवून ज्याचं नाव घेत होती तो दुधापायी मेला, आणि ज्याला मानानं उभं करत होती त्यानं खोटं सांगितलं. पुढं बसलेले भिवाअण्णा, गल्लीतले सगळ्यात म्हातारे गवळी, काठी टेकून उठले आणि त्यांनी विचारलं, "तीन दिस धारच न्हवती काढली?" दादा म्हणाले, नाही. अण्णांनी तोंडानं चुकचुक केली. "तीन दिस," ते मागं वळून लोकांना म्हणाले. आणि सगळ्या गल्लीतून, बायकांतून, पैलवानांतून, तीच चुकचुक उठली. कुणी हसलं नाही. त्या गल्लीत एकही घर असं नव्हतं की ज्याला तीन दिवस धार न काढलेली गाय म्हणजे काय ते सांगावं लागेल.

काकू घोळक्यातून पुढं आली. तिला वाट करून दिली गेली. दादा चौथऱ्यावरून उतरले आणि तिच्यासमोर उभे राहिले, आणि माझे दादा इतके लहान मी कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "वैनी, मीच धाडला त्याला."

"तुमी न धाडता तरी गेलाच असता," काकू म्हणाली. "आमच्या लगनात शेजारची म्हैस अडली म्हनून हळदीच्या अंगानं पाटावरनं उठून गेलता. मी दोन तास मुंडावळ्या बांधून बसले हुते. समदी पावणं हसली मला." मग तिनं त्या तसबिरीकडं बोट केलं. "दरसाल तुमी सांगायचा त्यो मानूस मला कंदी वळखीचा वाटलाच न्हाय, भावजी. मी म्हनायची, लढाईत बदलला आसंल. वरीसभराचा तर सौंसार, मलाच नीट ठावं नसंल. माझ्या मानसाला मी पार इसरून गेले, आसं वाटायचं मला. दोन दिस घरात बसून त्येलाच आठवत हुते. ह्यो माझा हाय. ह्यो अस्साच हुता."

एवढं बोलून ती तालमीच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, पदर तोंडात न कोंबता, गल्लीदेखत. तुकाकाका गेल्याची खबर येऊन वीस वर्षं झाली होती, आणि आई मला नंतर म्हणाली की हौसाबाई त्याच्यासाठी रडलेली तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी तिच्याजवळ गेले तर तिनं मला ओढून मांडीशी धरलं. मग दादाही पायरीवर, तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसले, आणि तिनं त्यांना उठा म्हटलं नाही.